ट्रॅव्हलरमध्ये चीफ इंजिनियर कसा खेळायचा: कॅरेक्टर बनवण्यापासून लढाईपर्यंत सगळं

सायफाय आरपीजीचा (आपापलं पात्र घेऊन, फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) नवीन ग्रुप जमला की पायलट कोण, गनर कोण, कॅप्टन कोण यावर आधी चढाओढ होते आणि इंजिनियरचा रोल उरलेल्याच्या गळ्यात पडतो, मग तो चार सेशन "मी रिपेअर करतो" म्हणत फासे टाकतो आणि बाकीचा वेळ मोबाइल बघत बसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण जहाजावर सगळ्यात जास्त निर्णय ज्याच्या हातातून जातात तो माणूस हाच आहे. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसायला हवी, ती म्हणजे दुरुस्ती हा इंजिनियरच्या कामाचा एक भाग झाला, मुख्य काम म्हणजे किंमत सांगणं. कॅप्टनला वेग पाहिजे, मिळेल, पण त्यासाठी काय बंद करावं लागेल, किती वेळ जाईल, काय तुटू शकतं हे टेबलवर फक्त तुम्हीच सांगू शकता. ते तुम्ही नीट सांगायला लागलात की सगळा ग्रुप प्रत्येक निर्णयाआधी तुमच्याकडे बघतो.

उदाहरण म्हणून ट्रॅव्हलर घेतोय कारण जहाजाचा इतका बारकाईने हिशोब ठेवणारा गेम आणि इतकी मोठी परंपरा दोन्ही एकत्र त्यातच मिळतं. मार्क मिलरचा हा गेम १९७७ मध्ये गेम डिझायनर्स वर्कशॉप या अमेरिकन कंपनीने काढला, एका बॉक्समध्ये तीन छोटी काळी पुस्तकं. आकडे मी मॉन्गूस या कंपनीने काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे देतोय. तुम्ही दुसरा गेम खेळत असाल तर आकडे बदलतील, पद्धत हीच चालेल.

आधी फाशांचं गणित

दोन साधे फासे, त्यात तुमचं स्किल आणि बुद्धिमत्ता किंवा शिक्षणाचा बोनस मिळवायचा, नॉर्मल कामाला ८ पाहिजे, अवघड कामाला १०. बोनस काहीच नसेल तर ८ किंवा जास्त पडण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे साधारण ४२ टक्के. एकूण +३ असेल तर हीच शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. अवघड कामाला बोनसशिवाय जेमतेम १७ टक्के, +३ ने ५८, +४ ने ७२. आणि स्किल अजिबातच नसेल तर -३ बसतो, मग ८ साठी ११ पडायला लागतात, ३६ पैकी ३ वेळा. म्हणून कुठलंही महत्त्वाचं स्किल निदान शून्यावर तरी असू द्या, शून्य लिहिलेलं बघून तोंड वाकडं करू नका, त्या शून्याने तुमचे तीन पॉइंट वाचतात.

आता यातलं एक हत्यार बहुतेक लोक विसरतात. फासे टाकायच्या आधी तुम्ही सांगू शकता की मी सावकाश करतो किंवा घाईत करतो. सावकाश केलं की वेळेचा टप्पा एकाने वाढतो आणि +२ मिळतो, घाई केली की टप्पा कमी होतो आणि -२ बसतो. समजा तुमचा एकूण बोनस +३ आहे आणि काम अवघड आहे, तर नेहमीच्या वेळात ५८ टक्के, सावकाश केलं तर ८३ आणि घाईत केलं तर २८. एकच माणूस, एकच पाना, आणि २८ ते ८३ इतका फरक. "कॅप्टन, मला अजून वेळ मिळवून द्या" या वाक्याला गेममध्ये खरं वजन येतं ते इथून, कारण तो वेळ मिळवायला बाकीच्यांना काहीतरी करावं लागतं, कोणी बोलण्यात गुंतवायचं, कोणी लपवायचं, कोणी दार अडवून धरायचं.

कॅरेक्टर बनवताना

ट्रॅव्हलरमध्ये कॅरेक्टर १८ व्या वर्षापासून चार-चार वर्षांच्या टर्म करत मोठा होतो. १९७७ च्या आवृत्तीत तर कॅरेक्टर बनवतानाच मरू शकायचा, आता त्या जागी अपघात किंवा नोकरी सुटणं येतं. इंजिनियरसाठी सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे नेव्ही, त्यात इंजिनियर-गनरची शाखा आहे, दुसरा रस्ता मर्चंट मरीन. आधी युनिव्हर्सिटी मिळाली तर शिक्षण वाढतं आणि ते पुढे रोज कामी येतं. चार टर्मनंतर म्हणजे ३४ व्या वर्षापासून वय वाढल्याचे रोल सुरू होतात, तरी माझं मत असं की चीफ हा थोडा मुरलेला माणूसच असावा, चार-पाच टर्म केलेला, २२ वर्षांचा चीफ पटत नाही.

इंजिनियर स्किलचे चार भाग आहेत: एम-ड्राइव्ह म्हणजे नेहमीचं चालतं इंजिन, जे-ड्राइव्ह म्हणजे ताऱ्यांमधली उडी, पॉवर आणि लाइफ सपोर्ट. सगळ्यांना वाटतं जे-ड्राइव्ह आधी वाढवावं, नावच भारी आहे. पण जंपसाठी इंजिनियरचा रोल सोपा असतो, ४ पुरतात, शिक्षणाचा +१ असेल आणि जे-ड्राइव्ह शून्य असेल तरी ३६ पैकी ३५ वेळा निघून जातो. याउलट लढाईत ड्राइव्ह किंवा पॉवर प्लांट (जहाजाला वीज देणारं यंत्र) ओव्हरलोड करायला, म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त चालवायला १० लागतात. त्यामुळे पहिले पॉइंट पॉवर नाहीतर एम-ड्राइव्हला द्या, जे-ड्राइव्ह नंतर. सोबत मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स आणि व्हॅक सूट (स्पेससूट वापरायचं स्किल), यातलं व्हॅक सूट अजिबात सोडू नका, कारण जहाजाच्या बाहेर जाऊन काम करायची वेळ आली की सगळे तुमच्याकडेच बघणार.

कॅरेक्टरचा इतिहास लांबलचक लिहायची गरज नाही. कोणाच्या हाताखाली शिकला आणि कुठलं मशीन त्याला आवाजावरून कळतं, एवढं ठरवलं तरी बोलायला भरपूर मटेरियल मिळतं.

जहाजाचं एक पान

हे काम पहिल्या सेशनच्या आधी करा. एक कागद घ्या आणि त्यावर जहाजाचा पॉवरचा आणि इंधनाचा हिशोब मांडा. २०० टनी फ्री ट्रेडर (छोटं व्यापारी जहाज) घेऊ, बऱ्याच ग्रुपचं आवडतं, जंप १ (उडीचा पल्ला) आणि थ्रस्ट १ (इंजिनाचा जोर). नियम असा की बेसिक सिस्टिम्सना, म्हणजे लाइट, हवा, गरमी, कृत्रिम गुरुत्व वगैरेला टनांच्या २० टक्के पॉवर लागते, म्हणजे ४०. एम-ड्राइव्हला थ्रस्टच्या दर पॉइंटमागे टनांच्या १० टक्के, म्हणजे २०. जंपलाही तसंच २०. सेन्सर आणि तोफा वेगळ्या. आता समजा तुमचा प्लांट ६० देतो. बेसिक आणि ड्राइव्ह मिळून ६० झाले, तोफेला काही उरलं नाही. इथेच तुमचा रोल सुरू होतो बघा, कारण गनरला पॉवर पाहिजे आणि पायलटलाही पाहिजे आणि ती तुमच्या कागदावर आहे.

मग त्याच कागदाच्या खाली एक क्रम लिहा की कमी पडली तर आधी काय बंद करायचं. खऱ्या जहाजांवर हे असतंच. जनरेटरवर लोड जास्त झाला की कमी महत्त्वाचं सामान आपोआप ट्रिप होतं, एसी, गॅली म्हणजे स्वयंपाकघर असलं आधी जातं, म्हणजे स्टिअरिंग आणि महत्त्वाचे पंप चालू राहतात. आणि पूर्ण ब्लॅकआउट झाला तर सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांप्रमाणे ४५ सेकंदांच्या आत इमर्जन्सी जनरेटर लोड घ्यायला हवा. आपल्याकडे कोकणात, मुंबईत मर्चंट नेव्हीतले लोक घरोघरी आहेत, ओळखीत कोणी इंजिन साइडचा असेल तर त्याच्याशी तासभर गप्पा मारा, लॉगबुक, वॉच, प्युरिफायर, ब्लॅकआउट यातलं जे ऐकाल ते सगळं जसंच्या तसं स्टारशिपवर वापरता येतं. भारतीय क्रूमध्ये चीफ इंजिनियरला बडा साब म्हणतात, आमच्या टेबलवर पण तेच चालतं आणि खूप शोभतं.

इंधनाचं म्हणाल तर दर जंप नंबरमागे टनांच्या १० टक्के हायड्रोजन, म्हणजे फ्री ट्रेडरला एका उडीला २० टन. रिफाइंड ५०० क्रेडिट टन, अनरिफाइंड १००. म्हणजे एका उडीत १०,००० की २,००० असा प्रश्न, आणि कॅप्टन पैशाकडे बघून अनरिफाइंड भरा म्हणणार. अनरिफाइंडवर जंपचा रोल खराब होतो आणि मिसजंपचा, म्हणजे उडी भलतीकडे जाण्याचा धोका वाढतो. मधला रस्ता म्हणजे फ्युएल प्रोसेसर, एक टनाचा प्रोसेसर दिवसाला २० टन साफ करतो. मग तुमचं वाक्य तयार: "आठ हजार वाचवायचे असतील तर मला पूर्ण एक दिवस द्या." दिवस द्यायचा का नाही ते कॅप्टन ठरवेल.

जंप कशी खेळायची

सगळ्यात आधी ग्रहापासून १०० व्यास लांब जायचं. पृथ्वीएवढा ग्रह असेल तर ते साधारण १२.७ लाख किलोमीटर होतात, १ जीने (पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या जोराने) अर्धा रस्ता वेग घेत आणि अर्धा रस्ता ब्रेक लावत गेलं तर सहा तासांच्या थोडं वर, २ जीने साडेचार तास. हे सहा तास रेफरीला, म्हणजे गेम चालवणाऱ्याला, एका वाक्यात उडवू देऊ नका, पाठलाग, तपासणी, बिघाड सगळं इथेच घडतं.

मग ॲस्ट्रोगेटर म्हणजे जहाजाचा मार्ग ठरवणारा कोर्स काढतो, त्याचा रोल किती चांगला किंवा वाईट गेला त्यावरून तुमच्या रोलला प्लस-मायनस मिळतं. म्हणून त्याचा रोल होईपर्यंत मोबाइल बघत बसायचं नाही, त्याच्याशी बोला, आकडे परत तपासायला लावा, घाई करतोय का विचारा. मग तुम्ही पॉवर वळवता, इंधन तपासता आणि जे-ड्राइव्हचा रोल करता. रोल करताना फक्त "रोल केला, ९" असं म्हणू नका, आधी एक छोटी गोष्ट सांगा, तुम्ही काय ऐकलं, काय बंद केलं, कोणाला काय सांगितलं. एक वाक्य पुरे. दोन वाक्यांच्या वर गेलं की बाकीचे कंटाळतात.

जंप लागली की साधारण १६८ तास, एक आठवडा, बाहेर काही नाही आणि कोणाशी संपर्क नाही. बरेच ग्रुप हा आठवडा उडवून टाकतात. तुम्ही रेफरीला सांगा की मला यातला एक सीन पाहिजे, फिल्टर बदलताना एखादा प्रवासी गप्पा मारायला येतो, किंवा मागच्या लढाईतली तात्पुरती दुरुस्ती पक्की करताना कोणीतरी हाताखाली पाहिजे म्हणून तुम्ही गनरलाच पकडून आणता. सगळ्यात चांगली संभाषणं इंजिन रूममध्येच होतात, कारण तिथे दोघांचेही हात कामात असतात.

लढाई

ट्रॅव्हलरमध्ये अंतराळातल्या लढाईचा एक राउंड सहा मिनिटांचा. हल्ला जोरात बसला, म्हणजे इफेक्ट (रोल लागणाऱ्या आकड्याच्या किती वर गेला ते) ६ किंवा जास्त आला आणि चिलखत फोडून नुकसान झालं, की क्रिटिकल म्हणजे एखाद्या भागाला मोठा फटका लागतो आणि फाशांवरून ठरतं कुठे, सेन्सर, पॉवर प्लांट, इंधन, ड्राइव्ह, क्रू वगैरे. प्रत्येकाची तीव्रता १ ते ६.

एक प्रसंग नीट बघू. फ्री ट्रेडरच्या मागे पायरेट लागलाय आणि रेफरी म्हणतो पॉवर प्लांटला क्रिटिकल, तीव्रता १. याने थ्रस्ट एकाने आणि पॉवर १० टक्क्यांनी कमी होते. आपला थ्रस्टच १ होता, म्हणजे आता शून्य, जहाज जागेवर थांबल्यासारखं. ६० ची पॉवर ५४ झाली. तुमचा बोनस समजा मेकॅनिक १ आणि बुद्धिमत्तेचा +१, एम-ड्राइव्ह पण १.

दुरुस्तीला ८ पाहिजे आणि तीव्रता वजा होते, म्हणजे एकूण +१, ५८ टक्के. ड्राइव्ह ओव्हरलोडला १० पाहिजे, एकूण +२, ४२ टक्के, जमलं तर पुढच्या राउंडला थ्रस्ट एकाने वाढतो, परत परत कराल तर दर वेळी आणखी -२, आणि ६ किंवा जास्तने चुकलं तर ड्राइव्हलाच क्रिटिकल, पण तुमच्या बोनसवर ते दोन्ही फाशांवर १ पडला तरच. शिवाय बेसिक सिस्टिम्स अर्ध्यावर आणल्या तर ४० चे २० होतात आणि तोफेला पॉवर मोकळी होते.

आता हे सगळं टेबलवर टक्केवारीत बोलायचं नाही. असं बोला:

"कॅप्टन, प्लांटला लागलंय, इंजिन बसलं. दोन गोष्टी करू शकतो, तुम्ही सांगा. प्लांट पकडतो, बहुतेक जमेल, पण तोवर आपण इथेच उभे. नाहीतर ड्राइव्हला जबरदस्ती ढकलतो, ते जमेलच असं नाही, पण जमलं तर लगेच हलू. गनरला पॉवर पाहिजे असेल तर गॅली, गरमी आणि ग्रॅव्हिटी आत्ताच बंद करतो, प्रवाशांना बेल्ट लावायला सांगा."

"प्लांट पकडा चीफ. आणि ग्रॅव्हिटी बंद करा."

बघा काय झालं. तुम्ही अजून एकही फासा टाकला नाही तरी कॅप्टनला निर्णय मिळाला, गनरला तोफ मिळाली, स्टुअर्डला प्रवाशांचा सीन मिळाला. आणि निर्णय कॅप्टनचा राहिला, हे फार महत्त्वाचं. काही हुशार खेळाडू सगळं स्वतःच ठरवून मोकळे होतात, त्याने कॅप्टन खेळणाऱ्याचा रोल मरतो. पर्याय दोन द्या, फार तर तीन, प्रत्येकाची किंमत सांगा आणि गप्प बसा. कॅप्टनने विचारलं "तू काय करशील" तर मात्र स्पष्ट मत द्या, गुळमुळीत नको.

दुरुस्ती एका राउंडमध्ये नाही जमली तर त्याच सिस्टिमवर लागून राहा, सलग प्रयत्न केल्याचा फायदा मिळतो. इंधन गळतीकडे खास लक्ष ठेवा. तीव्रता १ ला तासाला एका फाशावर जितके पडतील तितके टन गळतं, २ ला तेवढंच दर राउंडला, म्हणजे सहा मिनिटांना, आणि लढाई जिंकून जंपला इंधन नाही अशी वेळ येते. आणि लढाईतली दुरुस्ती तात्पुरतीच असते, हे वहीत लिहून ठेवा.

सामान नसताना जुगाड

पार्ट नाही, पोर्ट लांब आणि दुरुस्ती तर झालीच पाहिजे, असे सीन इंजिनियरसाठी सगळ्यात भारी. इथे नमुना म्हणून अपोलो १३ चा अभ्यास करा. १३ एप्रिल १९७० ला ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघांना चांद्रयानात म्हणजे लुनार मॉड्यूलमध्ये राहावं लागलं, जे दोघांसाठी होतं. कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला, साफ करणारे डबे कमांड मॉड्यूलमध्ये भरपूर होते पण ते चौकोनी आणि लुनार मॉड्यूलमधली जागा गोल. ह्यूस्टनच्या लोकांनी यानात जे सामान होतं तेवढंच समोर घेऊन, प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, स्पेससूटचे पाइप आणि टेप यातून जोड बनवला आणि पायरी-पायरीने रेडिओवर वाचून दाखवला. वीज वाचवायला जवळपास सगळं बंद केलं, आत कडाक्याची थंडी झाली, भिंतींवर पाणी जमलं, आणि शेवटी बंद पडलेलं कमांड मॉड्यूल मोजून-मापून क्रमाने परत चालू केलं.

यातून टेबलवर आणायची पद्धत सरळ आहे. रेफरीला आधी विचारा की नक्की काय बिघडलंय, ते काय काम करत होतं, आणि जहाजावर तेच काम थोडंफार करू शकेल असं दुसरं काय आहे. कार्गोत काय आहे ते विचारा, प्रवाशांच्या सामानात काय आहे, जहाजाच्या छोट्या बोटीत काय आहे. मग सांगा की मी हे तिथून काढून इथे लावतो, आणि त्यामुळे ते तिकडचं बंद पडेल. हे दुसरं वाक्य तुम्ही स्वतःहून म्हणालात की रेफरी खूश होतो आणि बऱ्याचदा तीन फासे टाकून चांगले दोन घ्यायला देतो. ऐनवेळी तोंडाला येईल ते शास्त्रीय शब्द फेकत बसण्यापेक्षा हे शंभर पट चांगलं, कारण फेकलेल्या शब्दांना उत्तर देता येत नाही आणि खऱ्या वस्तूला येतं.

पैसा आणि माणसं

इंजिनियरचा पगार महिन्याला ४,००० क्रेडिट, मेंटेनन्स वर्षाला जहाजाच्या किमतीच्या ०.१ टक्का, दर महिन्याला वाटून. तो चुकवला की बिघाडाचे रोल सुरू होतात. कॅप्टन म्हणेल पुढच्या महिन्यात बघू, तेव्हा कुठलं मशीन आधी जाईल ते नाव घेऊन सांगा, नुसतं "धोका आहे" म्हणू नका.

ड्राइव्ह आणि प्लांट मिळून दर ३५ टनांमागे एक इंजिनियर लागतो, म्हणजे मोठ्या जहाजावर तुमच्या हाताखाली माणसं असतात. त्यांना नावं द्या, दोघा-तिघांना तरी, आणि काम वाटा. आपण प्लांटवर असताना ड्राइव्हवर कोण आहे हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. एखादा नवीन पोरगा घाबरलाय आणि तुम्ही रेडिओवरून त्याच्याकडून व्हॉल्व बंद करून घेताय, हा सीन कुठल्याही लढाईपेक्षा जास्त लक्षात राहतो.

एखाद्या सेशनला येणार नसाल तर हँडओव्हर नोट पाठवा, खऱ्या जहाजावर चीफ उतरताना देतो तशी. टाकीत किती टन आहे आणि त्यातलं किती साफ केलेलं, कुठल्या दुरुस्त्या तात्पुरत्या आहेत, ड्राइव्ह किती वेळा ओव्हरलोड केलाय म्हणजे पुढच्याला किती वजा बसेल, कुठला पार्ट ऑर्डर केलाय आणि कुठल्या पोर्टवर मिळणार, आणि गनरला काही झालं तरी किती पॉवरच्या वर द्यायची नाही. पाच-सहा ओळी होतात, ग्रुपवर टाका आणि कॅप्टनकडून वाचल्याचा मेसेज घ्या.